ऑक्सिजन न खाता ऑक्सिजन मोजणारा सेन्सर

लहान नमुन्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असेल तर ऑप्टिकल सेन्सर घ्या, हे माझं मत सुरुवातीलाच सांगते. झेब्राफिशची भ्रूणं, पेशींचे गोळे, डॅफ्निया म्हणजे पाण्यातले पिसवांसारखे दिसणारे बारीक जीव, कीटकांची अंडी, शैवालाचे थेंबभर नमुने, ज्यांचा सगळा संसार एका मिलिलिटरच्या आत आहे अशांसाठी हे साधन मला आज सगळ्यात भरवशाचं वाटतं. तरीही एवढं लांबलचक लिहितेय, कारण सेन्सर घेतल्यावर सगळं लक्ष मीटरच्या पडद्याकडे जातं आणि आकडा बिघडवणारी गोष्ट बहुतेक वेळा भांड्यात असते. सेन्सर चांगला की वाईट हे भांड्यापासून वेगळं काढून सांगताच येत नाही.

माझं काम मुख्यतः भ्रूणांच्या श्वसनाचं. हाताशी चार चॅनलचा फायबर ऑप्टिक मीटर आहे, काचेच्या छोट्या व्हायलमध्ये, म्हणजे कुप्यांमध्ये, आतून चिकटवलेले सेन्सर स्पॉट आहेत, सुईतला मायक्रोसेन्सर आहे आणि २४ वेलच्या, म्हणजे २४ छोट्या खळग्यांच्या, प्लेटखाली ठेवायचा रीडर आहे. त्याआधी बरीच वर्षं क्लार्क इलेक्ट्रोड या विजेच्या प्रवाहावरून ऑक्सिजन मोजणाऱ्या जुन्या साधनावर काढली, त्यामुळे तुलना त्याच्याशीच होणार.

क्लार्क इलेक्ट्रोडबद्दल मला आदर आहे. त्याच्या आधी रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत होती, १८८८ सालची. अचूक आणि आजही पडताळणीसाठी वापरली जाणारी, पण तिला बाटलीभर पाणी लागतं, आणि एकदा रसायनं घातली की तो नमुना संपला. लेलंड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात प्लॅटिनमचा कॅथोड आणि संदर्भ इलेक्ट्रोड एकाच पातळ पडद्यामागे बसवले आणि रक्तासारख्या गढूळ, प्रथिनांनी भरलेल्या द्रवातही ऑक्सिजन सलग मोजता येऊ लागला. माइटोकॉन्ड्रियाच्या अभ्यासाचा मोठा भाग या इलेक्ट्रोडवर उभा आहे.

पण त्याचं काम चालतं कसं ते बघा. कॅथोडवर पोचलेला ऑक्सिजनचा रेणू चार इलेक्ट्रॉन घेऊन संपतो आणि त्याचाच प्रवाह आपण मोजतो. म्हणजे जे मोजायचं तेच खर्च होतं. २ मिलिलिटरच्या चेंबरमध्ये भरपूर माइटोकॉन्ड्रिया असतील तेव्हा हा खर्च किरकोळ असतो, शिवाय तो आधी मोजून वजा करण्याची शिस्त त्या क्षेत्रात पक्की आहे. २०० मायक्रोलिटरमध्ये एकच भ्रूण असेल तेव्हा मात्र इलेक्ट्रोड हाच त्या व्हायलमधला दुसरा जीव होऊन बसतो. आणि त्याच्या तोंडाशी ऑक्सिजन सतत कमी होत असल्यामुळे पाणी ढवळत राहावं लागतं. ढवळणं थांबलं की रीडिंग घसरतं. भ्रूण, पेशींचे गोळे, नुकतंच चिकटलेलं कल्चर यांना स्टर बारचे, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या चुंबकी कांडीचे, तडाखे सोसत नाहीत, आणि सोसले तरी तुम्ही मोजताय ते शांत जीवाचं श्वसन उरत नाही. काही मायक्रोमीटर टोकाचे क्लार्क मायक्रोइलेक्ट्रोड असतात, त्यांचा ऑक्सिजनचा खर्च नगण्य असतो आणि ढवळण्याचाही फारसा फरक पडत नाही. गाळातले किंवा ऊतींमधले थर मोजायला ते अजूनही उत्तम आहेत. पण ते अतिशय नाजूक, आणि एका वेळी चोवीस नमुने त्यांच्याने होत नाहीत.

ऑप्टिकल सेन्सरमध्ये प्लॅटिनमसारख्या धातूचं पोर्फिरिन नावाचं रंगद्रव्य पॉलिस्टायरीनच्या किंवा तशाच एखाद्या पॉलिमरच्या पातळ थरात अडकवलेलं असतं. त्यावर प्रकाश टाकला की रंगद्रव्याचे रेणू उत्तेजित होतात आणि काही मायक्रोसेकंदांनी लाल किंवा अवरक्त प्रकाश सोडून शांत होतात. जवळ ऑक्सिजनचा रेणू असेल तर तो ती ऊर्जा काढून घेतो, प्रकाश निघतच नाही. ऑक्सिजन क्षणभर उत्तेजित होतो आणि पुन्हा मूळ स्थितीत येतो. खर्च काही होत नाही. जितका ऑक्सिजन जास्त, तितका प्रकाश मंद आणि तितकाच तो लवकर विझणारा. स्टर्न आणि फोल्मर यांनी या विझण्याचं समीकरण १९१९ मध्येच मांडलं होतं.

इथे खरेदी करणाऱ्याने एक गोष्ट विचारायलाच हवी: मीटर प्रकाशाची तीव्रता मोजतो की विझायला लागणारा वेळ? तीव्रता मोजणारं साधन स्वस्त पडू शकतं, पण फायबर थोडा वाकला, स्पॉटसमोरून जरा सरकला, रंगद्रव्य थोडं फिकं पडलं की आकडा बदलतो. वेळ मोजणाऱ्या मीटरमध्ये एलईडीचा प्रकाश ठरावीक लयीत कमीजास्त होतो आणि स्पॉटमधून येणारा प्रकाश त्या लयीच्या किती मागे पडतो ते बघितलं जातं. या मागे पडण्याला फेज म्हणतात. नेहमी वापरात असलेल्या एका प्लॅटिनम पोर्फिरिनचा प्रकाश ऑक्सिजन नसताना सुमारे ६० मायक्रोसेकंद टिकतो आणि हवेने संपृक्त पाण्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. हा फरक मोजायला भरपूर आहे. आज बाजारातले बहुतेक चांगले मीटर याच पद्धतीचे आहेत. रेगेन्सबुर्गची प्रीसेन्स, आखेनची पायरोसायन्स ही त्यातली ठळक नावं. तरी विचारून घ्या.

ऑक्सिजन आणि फेज यांचं नातं सरळ रेषेचं नाही, आणि ते आपल्या सोयीचं आहे. ऑक्सिजन कमी असतो तेव्हा सेन्सर सर्वांत तीक्ष्ण असतो, हवेच्या पातळीला तुलनेने बोथट. नेहमीच्या पल्ल्याचा सेन्सर १ टक्का ऑक्सिजनजवळ ०.०१ टक्क्याचा फरक दाखवू शकतो, २० टक्क्यांजवळ तोच फरक ०.०५ च्या आसपास जातो. ज्यांना हायपोक्सिया, म्हणजे ऑक्सिजनची कमतरता, बघायचाय त्यांच्यासाठी ही मेजवानीच. ज्यांना संपृक्त पाण्यातल्या एखाद्या सुस्त जीवाचं अगदी हळू श्वसन मोजायचंय, त्यांनी मात्र भांडं लहान करून घसरण वाढवावी. सेन्सर बदलून तिथे फारसं साधत नाही. अगदी शून्याजवळच्या कामाला पॅलेडियमचे सेन्सर मिळतात. त्यांचा प्रकाश जवळपास मिलिसेकंदभर टिकतो, त्यामुळे ऑक्सिजनचा अंशही त्यांना जाणवतो, पण हवेच्या पातळीला ते कामाचे नाहीत. दोन्ही एकाच सेन्सरमध्ये मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता प्रत्यक्ष वापर. मला सगळ्यात आवडतो तो स्पॉट. पाचेक मिलिमीटर व्यासाची गोल चकती, गुलाबी किंवा हिरवट, रंगद्रव्य कोणतं त्यावर. ती व्हायलच्या आत काचेला सिलिकोनच्या गोंदाने चिकटवायची आणि बाहेरून फायबर टेकवायचा. मधे काच असली तरी प्रकाश आरपार जातो, त्यामुळे व्हायल बंदची बंद राहते. हे पहिल्यांदा बघणाऱ्या विद्यार्थ्यांचे चेहरे मला बघायला आवडतात, कारण वायर नाही, भोक नाही, पडदा नाही, आणि तरी मीटरच्या स्क्रीनवर रेघ सरकत असते.

चिकटवण्याचं काम घाईचं नाही. काच आधी अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करायची. गोंदाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरतो. चकती चिमट्याने कडेला धरायची, सेन्सरचा थर नमुन्याकडे आणि पारदर्शक पाठ काचेकडे. दाबल्यावर गोंद कडेने बाहेर आला तर तो तसाच ठेवू नका, कारण सिलिकोन स्वतःच ऑक्सिजन साठवतं आणि सोडतं, आणि २०० मायक्रोलिटरमध्ये ती कड लक्षात येण्याइतकी मोठी ठरते. रात्रभर वाळू द्यायचं. काही सिलिकोन गोंद वाळताना व्हिनेगरचा वास सोडतात. तो वास पूर्ण जाईपर्यंत आणि व्हायल पाण्याने पुन्हापुन्हा धुतल्याशिवाय भ्रूण आत सोडू नये. फायबर बाहेरून धरायला घट्ट बसणारा अडॅप्टर वापरा, चिकटपट्टीवर विसंबू नका. फेज तीव्रतेवर अवलंबून नसते हे खरं, पण सिग्नल फारच क्षीण झाला की रीडिंग थरथरायला लागतं.

हिरव्या नमुन्यांसाठी एक सूचना. शैवाल, पानाचे तुकडे, सायनोबॅक्टेरिया यांचं क्लोरोफिल स्वतःही चमकतं. ती चमक नॅनोसेकंदात विझते. ती सेन्सरच्या प्रकाशात मिसळली की एकूण फेज कमी दिसते आणि मीटर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त सांगतो. म्हणजे प्रकाशसंश्लेषण मोजणाऱ्याला हवं तेच उत्तर चुकीच्या कारणाने मिळतं, म्हणून ही चूक पकडणं अवघड. अशा कामाला स्पॉटवर काळा थर असलेला प्रकार मागा. तो थर नमुन्याचा प्रकाश अडवतो. बदल्यात सेन्सर थोडा सावकाश होतो, पण बंद व्हायलमधल्या श्वसनासाठी काही सेकंद इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही.

सुईतला मायक्रोसेन्सर हे वेगळंच प्रकरण. फायबरचं टोक निमुळतं करून सुमारे ५० मायक्रोमीटरवर आणलेलं असतं आणि ते इंजेक्शनच्या सुईत मागेपुढे सरकतं. सेप्टम, म्हणजे व्हायलचं रबरी बूच, टोचून आत जायचं, मग टोक सुईबाहेर काढायचं. प्रतिसाद झटपट मिळतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पेशींच्या गोळ्यात बाहेरून आत जाताना ऑक्सिजन कसा उतरत जातो हे यानेच बघता येतं. मायक्रोमॅनिप्युलेटरवर लावून २५ मायक्रोमीटरच्या पायरीने पुढे जायचं, प्रत्येक पायरीला थांबायचं, आकडा स्थिरावला की पुढे. पृष्ठभागाच्या आधीच, बाहेरच्या माध्यमातच घसरण सुरू झालेली दिसते, कारण न ढवळलेल्या पाण्याचा थर गोळ्याभोवती चिकटून असतो. मग आत उतार तीव्र होतो. गोळ्याच्या मध्यभागी पेशी का मरतात हे पुस्तकात वाचलेलं असतं. इथे ते आकड्यांत उतरताना दिसतं आणि त्याचा परिणाम निराळाच होतो. पण ५० मायक्रोमीटरचं टोक त्या गोळ्याला भोसकतंच, हे विसरू नका. आणि टोक फार नाजूक. कडक सेप्टममधून टोक बाहेर असताना टोचलं तर ते गेलंच. दर प्रयोगशाळेत एखादीच व्यक्ती असावी जिचा हात या सुईवर चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

२४ वेलची प्लेट आणि खालून वाचणारा रीडर म्हणजे स्पॉटचंच मोठं कुटुंब. प्रत्येक वेलच्या तळाशी सेन्सर, रीडर इन्क्युबेटरच्या आत, केबल बाहेर. संख्याशास्त्रासाठी याला तोड नाही, कारण नियंत्रण, रिकामे वेल आणि नमुने एकाच वेळी, एकाच तापमानात चालतात. पेशींच्या कल्चरसाठी याने माझे डोळे उघडले. इन्क्युबेटरमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ३७ अंशांची वाफ धरली तर ऑक्सिजन मुळातच सुमारे १८.६ टक्के उरतो, पूर्ण २०.९ नाही. त्यावर दाट वाढलेल्या पेशींवर काही मिलिमीटर माध्यम उभं असेल तर तळाशी ऑक्सिजन वरून पोचेपर्यंत पेशी तो संपवतात आणि तळाचा सेन्सर एकेरी आकडे दाखवू लागतो. प्लेट उचलून जरा हलवली की रेघ टुणकन वर जाते आणि पुन्हा खाली येते. सामान्य ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या पेशी, असं आपण सर्रास लिहितो. तळाशी सेन्सर ठेवल्याशिवाय ते लिहू नये, असं मला मनापासून वाटतं.

कॅमेऱ्याने वाचायचे सपाट सेन्सर पडदेही मिळतात, मुळांभोवतीचा किंवा बायोफिल्ममधला ऑक्सिजन नकाशासारखा दिसतो. सुंदर चित्रं येतात. माझ्या कामाला त्यांची गरज पडत नाही.

आता भांड्याबद्दल, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

२८.५ अंशांना, म्हणजे झेब्राफिशच्या नेहमीच्या तापमानाला, हवेने संपृक्त गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २०० मायक्रोलिटरच्या व्हायलमध्ये तो होतो सुमारे ४८ नॅनोमोल. त्यात १ मायक्रोलिटर हवेचा एक बुडबुडा राहिला असं समजा. सव्वा मिलिमीटरचा बुडबुडा, म्हणजे झेब्राफिशच्या अंड्याएवढाच. त्यात ऑक्सिजन असतो सुमारे ८ नॅनोमोल, संपूर्ण व्हायलमधल्या पाण्याच्या सहाव्या हिश्श्याइतका. पाण्यातला ऑक्सिजन घटू लागला की बुडबुडा तो भरून काढत राहतो आणि भ्रूण आहे त्यापेक्षा सुस्त वाटतं. सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो. म्हणून झाकण लावताना व्हायल काठोकाठ, वर थोडं पाणी फुगलेलं, आणि काचेचं झाकण बाजूने सरकवत आणायचं. मग व्हायल उलटी करून भिंगातून बघायची. भ्रूणाच्या शेजारी काही चमकतंय का ते.

बुडबुडा नंतरही तयार होतो. २५ अंशांना संपृक्त केलेलं पाणी भरून व्हायल २८.५ अंशांच्या पाण्यात ठेवली की आतला ऑक्सिजन त्या तापमानाला मावेल त्याहून साधारण ६ टक्के जास्त ठरतो. सेन्सर मोजतो तो आंशिक दाब, म्हणजे एकट्या ऑक्सिजनचा दाब, त्यामुळे काही वेळ रेघ चक्क वर चढते, जणू भ्रूण ऑक्सिजन तयार करतंय. कधी तो जादा वायू झाकणाच्या कडेला बुडबुडा होऊन बसतो. उपाय सोपा आहे: पाणी आधीच प्रयोगाच्या तापमानाला आणून, तिथेच हवा सोडून संपृक्त करायचं. आंशिक दाब आणि प्रमाण यांतला हा फरक क्षारांच्या बाबतीतही लागू होतो. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात हवेच्या संपृक्ततेला गोड्या पाण्यापेक्षा सुमारे १८ टक्के कमी ऑक्सिजन असतो, पण सेन्सर दोन्हीकडे शंभर टक्के संपृक्तताच दाखवेल. मायक्रोमोलमध्ये उत्तर हवं असेल तर मीटरमध्ये क्षारता आणि हवेचा दाब भरावाच लागतो.

प्लास्टिक हा दुसरा शत्रू. पॉलिस्टायरीनमध्ये ऑक्सिजन मुरलेला असतो आणि आतल्या पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊ लागला की तो झिरपत बाहेर येतो. सिलिकोनची नळी किंवा सिलिकोनची मायक्रोफ्लुइडिक चिप असेल तर बोलायलाच नको, ऑक्सिजनच्या दृष्टीने ती जवळजवळ उघडी खिडकी. वेलवर मिनरल ऑइलचा थर टाकला की बंद झालं, असं अजूनही सांगितलं जातं. तेलात पाण्यापेक्षा जास्त ऑक्सिजन विरघळतो. ते झाकण नाही, साठा आहे. पारदर्शक चिकट फिल्मही पूर्ण बंद करत नाही. कमी श्वसनाच्या जीवांसाठी काचेची प्लेट आणि वर दाब देऊन बसवलेलं काचेचं झाकण घ्या. प्लास्टिकच वापरायचं असेल तर गळती आधी मोजा: ऑक्सिजन काढलेलं पाणी भरून, जीव न टाकता झाकून, रेघ किती वेगाने वर येते ते बघा. तो वेग भ्रूणाच्या वेगाच्या जवळपास असेल तर त्या भांड्यात मोजायला काही अर्थ नाही.

रिकाम्या, म्हणजे जीव नसलेल्या, व्हायल प्रत्येक वेळी सोबत ठेवा. त्यातली घसरण म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंचं श्वसन. उबदार पाण्यात, अंड्यांच्या सालींसोबत, ते रात्रीतून चांगलंच वाढतं.

कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या ऑक्सिजनवर मीटर जुळवणं, दोन बिंदूंचं. शंभरसाठी पाण्यात मत्स्यपेटीच्या पंपाने हवा सोडायची, मग पंप बंद करून पाणी हळू ढवळत काही मिनिटं थांबायचं, नाहीतर बारीक बुडबुड्यांच्या दाबाने पाणी शंभरच्या वर जातं. शून्यासाठी १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १ ग्रॅम सोडियम सल्फाइट, ताजं, झाकून. सल्फाइट स्वस्त आणि खात्रीचं, पण ते धुण्यात कुचराई नको. गोंदाच्या कडेत किंवा झाकणाच्या खोबणीत उरलेला अंश पुढच्या नमुन्यातला ऑक्सिजन खात बसतो आणि आलेख हुबेहूब श्वसनासारखा दिसतो. म्हणून शून्याचं कॅलिब्रेशन मी त्याच बॅचच्या वेगळ्या व्हायलमध्ये करते, किंवा नायट्रोजन सोडून करते. भ्रूणाच्या व्हायलमध्ये सल्फाइट जात नाही.

तक्रारीही आहेत. रंगद्रव्य प्रकाशाने हळूहळू झिजतं, आणि फेज मोजणाऱ्या मीटरमध्येही लांबच्या प्रयोगात रेघ थोडी सरकते. रात्रभराच्या प्रयोगाला दर सेकंदाला रीडिंग घेण्याची हौस करू नये. मिनिटाला एक पुरतं आणि सेन्सर कितीतरी जास्त टिकतो. वापरात नसताना स्पॉट अंधारात ठेवायचे. अॅसिटोन, टोल्युइन, क्लोरोफॉर्म यांच्या जवळही नेऊ नका, पॉलिमरच विरघळतो किंवा फुगतो. ब्लीचही टाळा. अंडी ब्लीचने निर्जंतुक करणाऱ्यांनी ती भरपूर धुऊनच व्हायलमध्ये टाकावीत. सत्तर टक्के अल्कोहोल थोडा वेळ चालतं, मात्र ते पूर्ण उडून जाईपर्यंतचं रीडिंग खरं धरू नका. ऑटोक्लेव्ह सगळ्या प्रकारांना सोसत नाही, माहितीपत्रक वाचूनच ठरवा.

मला सगळ्यात खटकतं ते तापमानाचं. रंगद्रव्याचं विझणं तापमानावर अवलंबून असतं आणि ऑक्सिजनची विद्राव्यताही. तरी अनेक संचांमध्ये सगळ्या चॅनलना मिळून एकच तापमापी असते आणि ती असते व्हायलच्या बाहेर, पाण्याच्या टबात. टबाच्या दोन टोकांत अर्ध्या अंशाचा फरक सहज असतो. मोठ्या नमुन्यात तो खपून जातो. जिथे एका भ्रूणाची घसरण मोजायची असते, तिथे तो दिसतो. आमच्याकडे टबात पाणी फिरवणारा पंप लावला तेव्हा रेघा जशा सपाट झाल्या, तशा त्या कोणत्याही महागड्या स्पॉटने झाल्या नव्हत्या.

पेशींचं श्वसन मोजणाऱ्या सीहॉर्स या तयार यंत्राबद्दल विचारणा होतेच, म्हणून थोडक्यात. एजिलेंटचं ते यंत्रही आत ऑप्टिकल सेन्सरच वापरतं. खाली येणारा दट्ट्या पेशींवर काही मायक्रोलिटरची तात्पुरती खोली तयार करतो आणि ऑक्सिजनसोबत आम्लताही मोजतो. पेशींवर औषधं टाकून बघायची असतील, नमुने पुष्कळ असतील, तर ते घ्या. पण कार्ट्रिज एका वापराचं असतं आणि भांड्याचा आकार यंत्र ठरवतं. ज्यांना स्वतःच्या जीवासाठी स्वतःचं भांडं बनवायचंय, त्यांच्या हातात फायबर आणि स्पॉट जास्त शोभतात. सुट्या माइटोकॉन्ड्रियावर, दोन मिलिलिटरमध्ये, एकामागून एक रसायनं घालत काम करणाऱ्यांना ओरोबोरोससारखं क्लार्क इलेक्ट्रोडचं यंत्र सोडण्याचं काही कारण नाही.

नवीन घेणाऱ्याने मीटर चार चॅनलचा घ्यावा, एकाचा नको. रिकामी व्हायल सोबत चालवायची तर दोन चॅनल किमान लागतातच. सुई नंतर घेता येते. आणि ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: फाइलमध्ये टक्केवारीसोबत मूळ फेज, सिग्नलची ताकद आणि तापमान उतरतं की नाही. फेज जपलेली असेल तर कॅलिब्रेशन चुकलं असं नंतर लक्षात आलं तरी सगळा हिशेब पुन्हा मांडता येतो. नुसती टक्केवारी असेल तर प्रयोग पुन्हा करावा लागतो, आणि भ्रूणं तोवर अळ्या झालेली असतात.